अळ्यांच्या खोलीतले कॉम्प्युटर

अळ्या चौथ्या झोपेत गेल्या त्या सकाळी माझ्या खोलीत सहा कॉम्प्युटर, सहा टेबलं, बारा खुर्च्या आणि एक मास्तर होता. यातलं काहीच तिथं असायला नको होतं. मास्तर धरून.

खोली रेशमाच्या अळ्यांची. भिंती सिमेंटच्या, खिडक्यांना बारीक जाळी, वर स्लॅब, पंखा, आणि दाराशी चुन्याच्या पाण्याचं उथळ टाकं. त्यात पाय बुडवल्याशिवाय माझा नवरासुद्धा आत येत नाही. आम्ही राहतो त्या घरावर पत्रा आहे. भावकी अजून बोलते, हिनं माणसं पत्र्याखाली ठेवली आणि किडे स्लॅबखाली. बोलोत. माणसं पत्र्याखाली जगतात, माझ्या अळ्या नाही जगत.

दोन पिकांच्या मध्ये महिनाभर ही खोली रिकामी असते. नेमकं तेव्हा आमच्या गावचा पुढारी आला. एरवी आमच्या दारावरून जाताना दुसरीकडं बघतो, त्या दिवशी ओट्यावर बसून पाणी मागितलं.

"काकू, गावातल्या बायकांना कॉम्प्युटर शिकवणार आहेत. परदेशातनं मदत आलीय. गावात धूळ न शिरणारी खोली एकच, तुमची."

"किती दिवस?"

"महिना. एक दिवस जास्त नाही."

मी हो म्हटलं. मी तिसरीत दोन वर्षं बसले आणि तिथूनच उठले. आता शिकणं माझ्या दारात येतंय, तेही माझी खोली चांगली म्हणून. हे मला आवडलं नाही असं म्हणाले तर खोटं होईल.

मग टेबलं दोन आठवडे उशिरा आली. ती आली तर नेटचा डबा आला नाही. डबा आला तर मास्तरला ताप आला. अंडी मात्र आपल्या तारखेला आली. मी तीन महिने आधी मागून ठेवलेली. अंड्यांना थांबा म्हणायची सोय नसते. दहाव्या दिवशी अळी बाहेर पडते, तिथून पंचविसाव्या दिवशी कोष विणायला लागते, आणि मधल्या दिवसांत ती फक्त खाते आणि झोपते.

मी मास्तरला म्हटलं, "यंत्रं उचला."

"आजी, ती उचलता येत नाहीत."

खरंच येत नव्हती. प्रत्येक टेबलाच्या पायातून साखळी ओवलेली, साखळी भिंतीतल्या कडीला, कडीला कुलूप, कुलपावर लाखेचा शिक्का. किल्ली शहरात.

"आणि आजी कुणाला म्हणतोस?" मी विचारलं. "तुझी आजी तुझ्या घरी."

पोरगं वाईट नव्हतं. चोवीस-पंचवीसचं, सडपातळ, डोळ्यांखाली काळं. पहिल्या दिवशी घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं "इथं प्लग कुठंय?" विचारलं, तेव्हापासून बायका त्याला चार्जर म्हणायच्या. अंगाला काहीतरी सुगंधी फवारून यायचा. अळीला वास सहन होत नाही, ती खाणं सोडते. मी त्याला दारातून परत पाठवला आणि आमच्या मोरीत साध्या पाण्यानं आंघोळ करायला लावली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवसापासून तो बिनवासाचा यायला लागला, पण तोंड पाडून.

आता माझं सांगते, कारण ते लपवून पुढचं कळणार नाही.

अंडी यायच्या आधी खोली धुवायची असते. नुसती झाडून नाही चालत. ब्लीचिंग पावडर आणि चुना पाण्यात कालवायचा, पाठीवर पंप घ्यायचा आणि भिंत, छत, जमीन, मांडणी, सगळं भिजेपर्यंत फवारायचं. मागच्या पिकाचा रोग फटीत बसलेला असतो, तो मरायला हवा. आमच्याकडं फवारल्याशिवाय कुठलीच वस्तू आत राहत नाही. खुरपं नाही, टोपली नाही, चप्पल तर नाहीच. चार्जर त्या दिवशी शहरात गेला होता. जाताना म्हणाला होता, "मशीन स्वच्छ ठेवा हं, धूळ बसू देऊ नका."

मी स्वच्छ केली. दोन यंत्रं पुढून, मागून, जाळीतून आतपर्यंत. दोनच झाली, कारण पंप संपला आणि दुसरा भरायच्या आधी सून धावत आली.

ती दोन पुन्हा लागली नाहीत. एकातून सुरुवातीला फुर्र असा आवाज आला आणि गावभर पोहोचेल असा वास. चार्जर आला, त्यानं झाकण उघडलं, आतला पांढरा थर बघितला आणि खाली बसला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

"मी लिहीन, नादुरुस्त," तो म्हणाला. "कारण लिहीत नाही. तुम्ही कुणाला बोलू नका."

तेव्हापासून त्या दोन यंत्रांवर चादर होती, आणि त्या चादरीमुळं माझं तोंड बंद होतं. माझ्याच खोलीत मला दबून राहायची पाळी आली. नाहीतर मी पुढाऱ्याला घरातून ओढून आणलं असतं.

तर चौथी झोप, कातडी टाकायच्या आधीची, शेवटची.

लहानपणी अळ्या एका मांडणीवर मावतात. केसाएवढ्या असतात, चिरलेला पाला भुरभुरला की झालं. पण चौथ्या झोपेतून उठल्या की त्या बोटाएवढ्या होतात आणि फांद्याच्या फांद्या चावून काढतात. मग त्यांना अख्खी खोली लागते. दाटीत ठेवल्या तर एकमेकींच्या घाणीत ओल्या होतात, गरम होतात, आणि पिवळं पाणी होऊन मरतात. एक मेली की शेजारच्या दहा. निम्म्या खोलीत टेबलं होती. माझ्या चार मांडण्या बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या, पाहुण्यांसारख्या.

मुलगा म्हणाला, "टेबलांवरच मांडू."

"मुंग्या?" मी म्हटलं. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असतात, म्हणून मुंगी वर चढत नाही. टेबलांचे पाय साखळीनं आवळलेले. पाय उचलायचा कसा आणि वाटी सारायची कुठून?

"मग पहार आणतो. कडीच उपटतो."

"आण. यंत्रं सांभाळायच्या कागदावर सही तुझी आहे. तुला नेतील तेव्हा पाला कोण तोडेल, तुझा बाप?"

त्याचा बाप ओट्यावर बसला होता. म्हणाला, "मला मध्ये घेऊ नका. मी पत्र्याखालचा माणूस."

त्याच दुपारी वर्ग होता. चार्जर फळ्यावर खडूनं कॉम्प्युटर काढत होता, कारण वीज गेली होती. अशी निम्मी शिकवणी फळ्यावरच झाली. खडूचा पडदा, खडूची बटणं, बायका त्या बटणांवर बोट ठेवून म्हणायच्या, दाबलं. सात बायका आणि चार चालू यंत्रं, तीही विजेच्या मर्जीवर. मी मागे मांडणीशी उभी राहून वाळका पाला झटकत होते आणि ऐकत होते.

"आज आपण घर काढायला शिकू," चार्जर म्हणाला. "आधी चौकोन. वर त्रिकोण. झालं घर."

कोंबडीवाली पुढच्या खुर्चीवर होती. तिच्याकडं दोनशे कोंबड्या, आणि त्या आठवड्यात त्यांना माना टाकायचा रोग आलेला. "मास्तर," ती म्हणाली, "घर आहे मला. माझ्या कोंबड्या माना टाकतायत. त्याचं औषध या डब्यात असतं म्हणतात."

"असतं ना. माहिती शोधणं. तो धडा अकरावा."

"आज कितवा?"

"चौथा."

"कोंबड्यांना सांगते, अकराव्यापर्यंत मान धरा."

बायका हसल्या. चार्जर नाही हसला. "मावशी, मी काय करू? मला वरून क्रम आलाय. चौथ्यानंतर अकरावा घेतला तर माझी नोंद चुकते. रोज संध्याकाळी फोटो पाठवायला लागतो, फळ्यावर धड्याचा नंबर दिसेल असा."

"मग नंबर चार लिही आणि शिकव अकरा," मागून माझी सून म्हणाली.

माझी सून फार बोलत नाही. तिची बोटं पाल्याच्या चिकानं काळी, नखांत हिरवं. त्याच बोटांनी ती त्या बटणांवर असं चालायची की चार्जर बघत राहायचा. लग्न होऊन आली तेव्हा दहावी झालेली होती. त्या दहावीचं आमच्या घरात आजवर काही काम पडलं नव्हतं, खताच्या पोत्यावरचं वाचण्यापलीकडं.

चार्जरनं फळ्यावर चार लिहिलं आणि अकरावा घेतला. वीजही आली. कोंबडीवालीनं स्वतः औषध शोधलं, एकेक अक्षर टिपत, जीभ दातांत धरून. अर्धा तास लागला. सापडल्यावर ती तडक उठून गेली, आपल्या कोंबड्यांकडं. खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही यंत्रं माणसांसाठी आहेत.

वर्ग सुटल्यावर मी चार्जरला धरलं. "उद्या अळ्या उठतील. मला खोली पाहिजे."

"मी काल फोन केला होता. ते म्हणाले, मेल करा."

"कर."

"लाभार्थींनी स्वतः करायची असते. नियम आहे. म्हणजे तुम्ही शिकलात असं दिसतं."

मी कपाळावर हात मारायला गेले, पण हाताला चुना होता. सून आधीच यंत्रापुढं बसली होती. "सांगा, आई. काय लिहू?"

मी सांगितलं, तिनं लिहिलं. खोली आमची, अळ्या आमच्या, उद्या उठणार, जागा लागणार, यंत्रं न्या किंवा किल्ली पाठवा. पाच ओळी. तिनं बटण दाबलं. मला वाटलं होतं काही दिवस लागतील, पण मिनिटभरात उत्तर आलं. सुनेनं वाचून दाखवलं. आपली विनंती नोंदवून घेतली आहे. आपला क्रमांक अमुक. आपल्याला एकवीस कामकाजाच्या दिवसांत कळवण्यात येईल.

"एकवीस," मी म्हटलं.

"कामकाजाचे," सून म्हणाली. "रविवार धरायचा नाही."

"अळ्या रविवारी खातात."

"मी काय लिहू त्यांना, आई? पुन्हा लिहिलं तर पुन्हा नवा नंबर देतील."

चार्जर म्हणाला, "हे आपोआप येतं. वाचणारा माणूस नसतो तिथं."

"मग ज्याला वाचता येत नाही त्याला पत्र का लिहिलं आपण?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अळ्या उठल्या. जुनी कातडी मागं टाकून, तोंडं वर करून, भुकेल्या. पहिल्या खाण्याला मुलानं दहा भारे पाला आणला. मी आणि सुनेनं पसरला. संध्याकाळपर्यंत फांद्यांवर एक पान उरलं नाही आणि अळ्या एकमेकींच्या अंगावर. मी हात घातला तर आत वाफ लागत होती.

म्हणून मी ती गोष्ट केली जी मला माहीत होतं करू नये. दोन ट्रे घरात नेले, पत्र्याखाली, फळीवर ठेवले, ओली पोती वरून टांगली. फळीच्या पायांना वाट्या लावल्या. यांना म्हटलं, आज चूल बाहेर पेटवायची. आम्ही सगळ्यांनी ओट्यावर जेवण केलं, धूर नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत ठीक होतं. मग पत्रा तापला. मी पोती भिजवत होते, एक वाळायच्या आत दुसरं. मी पोत्याला पाणी मारायला वळले आणि परत बघितलं तर कडेच्या अळ्यांनी डोकी खाली टाकली होती. एकीला उचललं. ती हातात मऊ लागली, आत काही नसल्यासारखी, आणि माझ्या अंगठ्याखाली फुटली. पिवळं पाणी मनगटापर्यंत आलं. एक वाजेपर्यंत दोन्ही ट्रे गेले. सातशे-आठशे असतील. मी त्या मागच्या खड्ड्यात टाकल्या, वर चुना टाकला. मागून हे आले, फावड्यानं काही न बोलता माती ओढली. बत्तीस वर्षांत या माणसानं माझ्यापुढं योग्य वेळी गप्प राहायला तेवढं शिकून घेतलंय.

हात धुऊन मी खोलीत गेले. सून यंत्रापुढं बसली होती. वर्ग नव्हता, सकाळचं खाणं घालून झालं होतं. चार्जर तिच्या मागे उभा, आणि त्याचा चेहरा असा की जणू त्याच्याच घरातलं कोणी गेलंय.

"आई, एक वाट आहे," सून म्हणाली. "विनंतीला एकवीस दिवस. पण नुकसान कळवायचा वेगळा फॉर्म आहे. तो भरला तर लगेच येतात."

"कसलं नुकसान?"

तिनं चादरीकडं बघितलं.

चार्जर म्हणाला, "ताई, नको. मी नादुरुस्त लिहिलंय. आता फवारलं म्हणून कळवलंत तर ते विचारतील तू का लपवलंस. माझं हे पहिलंच काम आहे."

"काय आहे तो फॉर्म?" मी विचारलं. "पूर्ण वाच."

सुनेनं वाचला. काय मोडलं, किती मोडलं, कुणामुळं. मग कारण. कारणाला चारच रकाने, एकावर टिक करायची, दुसरं काही लिहायची जागा नाही. चोरी. आग. पूर. वापरणाऱ्याचं अज्ञान.

"पूर घाल," मी म्हटलं. "पाणीच गेलंय आत. मी दोन पंप ओतले."

"एक," सून म्हणाली.

"एक. पूर घाल."

"पूर घातला तर पंचनामा लागतो. दहा दिवस. आगीलाही. चोरीला पोलीस." तिनं खालची बारीक अक्षरं वाचली, बोट धरून. "अज्ञान घातलं तर उरलेली यंत्रं वाचवण्यासाठी दोन दिवसांत सगळी काढून नेतात."

खोलीत अळ्यांचा आवाज होता. पाला खातात तेव्हा येतो तो, करकर, सतत. त्यात कुठं कुठं आवाज कमी झाल्यासारखा मला वाटत होता. खरा कमी होता की माझ्या मनात, माहीत नाही.

मी आजवर अठ्ठावीस पिकं काढली आहेत. एकदाही रोगानं पीक गेलं नाही, कारण मी खोली धुते. शेजारच्या तीन गावांतून बायका मला विचारायला येतात, चुना किती आणि पावडर किती. सरकारी माणूस येतो तोही माझं टाकं बघून इतरांना सांगतो, असं टाकं करा. आणि मी लिहून द्यायचं की माझं अज्ञान. ज्या कामात गावात कुणाला माझ्याइतकं कळत नाही, त्या कामामुळं.

"अज्ञान त्यांचं," मी म्हटलं. "अळ्यांच्या खोलीत यंत्रं ठेवायची आणि फवारणी असते हे विचारायचं नाही. ते कुठल्या रकान्यात?"

"तसा रकाना नाही, आई."

"कुणी केला हा फॉर्म?"

चार्जर म्हणाला, "माहीत नाही. आम्हालाही नुसता येतो."

मी मांडणीपाशी गेले. वरच्या ट्रेमध्ये तीन अळ्या मान टाकून होत्या. वेचल्या, बाजूला टाकल्या. खालच्यात पाच. त्याच्या खालच्यात मी मोजल्या नाहीत.

"नाव माझं घाल," मी सुनेला म्हटलं. "पूर्ण नाव. आणि लिही की मी फवारलं आणि वर चादर टाकून ठेवली. मास्तरला सांगितलं नाही. त्याला वाटलं वीज कमीजास्त झाली."

चार्जरनं मान वर केली. "आजी, पण मला तर..."

"तू गप्प बस. तुला काय वाटलं होतं ते मी सांगतेय ना."

सूनही थांबली होती. तिला माझ्यापुढं ते टिक करायचं धाडस होईना. बोट त्या बटणावर, पण दाबत नव्हती.

"दाब," मी म्हटलं. "वाचता येतं ना तुला? मग दाब."

तिनं दाबलं. मग यंत्रानं फोटो मागितला. नुकसान आणि वापरणारा, दोन्ही एका चौकटीत. मी चादर काढली, त्या पांढऱ्या पडलेल्या यंत्राशेजारी उभी राहिले आणि पदर नीट केला. चार्जरनं फोटो काढला. नंतर बघितला तर माझ्या मनगटावर पिवळा डाग होता, धुवूनही राहिलेला.

दोन दिवस म्हणाले होते, पण लागले तीन, आणि ते मी कसे काढले ते मला विचारू नका. दर चार तासांनी खालची घाण काढायची, चुना भुरभुरायचा, मेलेल्या वेचायच्या, पंख्याखाली ओल्या गोण्या. मुलगा पाला तोडून तोडून हाताला फोड आणून बसला. मी सगळ्यांवर ओरडत होते, पंख्यावरसुद्धा. सून एकटी मुकाट काम करत होती आणि ते मला जास्त टोचत होतं.

गाडी चौथ्या दिवशी सकाळी आली. त्यातून एक माणूस उतरला, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि कागद. टाक्यात पाय न बुडवता आत शिरत होता. मी त्याला हातानं अडवलं. त्यानं बूट काढले, पाय बुडवले, आणि चुन्याचं पाणी पँटला लागलं म्हणून नाक मुरडलं. मग शिक्का फोडला, कुलूप काढलं. साखळी काढायला त्याला अर्धं मिनिट लागलं. एवढ्यासाठी.

यंत्रं, टेबलं, खुर्च्या बाहेर गेल्या. त्यानं कागद पुढं केला. "इथं सही. वापरणाऱ्याच्या अज्ञानामुळं वर्ग बंद करण्यात येत आहे."

बाहेर बायका जमल्या होत्या. कोंबडीवाली पुढं होती. "म्हणजे आमचंही बंद?" तिनं विचारलं. "मला अंडी विकायची बाजारपेठ शोधायची होती. तो नववा धडा."

ती मला म्हणाली, "तुझ्या किड्यांपायी," आणि वळून गेली. तिच्या निम्म्या कोंबड्या वाचल्या होत्या त्या या यंत्रापायी. तिचं चुकलं नाही, आणि माझंही, पण ओट्यावर उभं राहून असलं समजावून सांगता येत नाही. मी सही केली. माझी सही मोठी येते, रकान्याबाहेर जाते. त्या माणसानं सांगितलं, आत करा. मी म्हटलं, एवढीच येते.

चार्जर गाडीत मागे बसला, यंत्रांना धरून. त्याच्यावर काही आलं नव्हतं, माझ्यावर आलं होतं ते कागदावर पुरेसं होतं. उतरून परत आला, माझ्या पाया पडायला वाकला. माझ्या पायाला चुना होता. "राहू दे," मी म्हटलं, "हात भरतील, मग बटणांना लावशील." तो हसला. पोरगं हसतं हे मला तेव्हा कळलं.

गाडी गेल्यावर आम्ही चार मांडण्या आत घेतल्या. मुलानं पाय वाट्यांत ठेवले, यांनी वाट्यांत पाणी ओतलं, मी आणि सून अळ्या फांद्यांसकट उचलून पसरत गेलो. दुपारपर्यंत खोली भरली. आत हात घातला तर गार लागत होतं. चौथा हिस्सा गेला असेल पिकाचा. तीन हिस्से राहिले.

सून पलीकडच्या मांडणीशी होती. ती फांद्या लावत होती, एकेक, नेहमीपेक्षा हळू.

"कुठं नेली ती यंत्रं?" मी विचारलं.

"नदीपलीकडच्या गावात. तिथल्या शाळेत ठेवणार. परवापासून वर्ग." फांदी लावत म्हणाली, "कुठल्याही गावातल्या बायका चालतात, मास्तर म्हणाला. तीन ते पाच."

तीन वाजता अळ्यांचं खाणं असतं. चौथ्या झोपेनंतर ते सगळ्यात मोठं खाणं. दोघींना दोन तास लागतात. एकटीला किती, ते मला माहीत होतं आणि तिलाही. म्हणून ती पुढं बोलली नाही. बोलली असती तर कदाचित मी नाही म्हटलं असतं.

मी हातातला भारा खाली ठेवला. माझ्या कमरेत सकाळपासून चमक होती.

"परवा नदीच्या वाटेनं जाताना छत्री ने, ऊन फार असतं," मी म्हटलं. "तीनचं खाणं मी बघते. यांनाही घेते हाताशी, पाय बुडवून."

ती माझ्याकडं बघत राहिली.

"बघतेस काय? फुकट पाठवत नाहीये. घर काढायला शिकू नकोस. तो फॉर्म कोण करतं ते आधी शोध, आणि त्या चार कारणांत पाचवं कसं घालायचं तेवढं शिकून ये."